रक्ताचा थेंब आणि हृदयाचा अंदाज

हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची एक जुनी मागणी त्यामुळे पूर्ण झाली. गंभीर रुग्ण घेऊन नांदेड गाठण्याची वेळ कितपत टळेल, हे मात्र उपचारांच्या दर्जावर ठरेल. 'हार्ट फेल्युअर' अर्थात हृदयाची पंप करण्याची शक्ती क्षीण होणे, हा विकार त्याची कसोटी पाहणारा आहे.

देशातील ५३ रुग्णालयांमधील सुमारे १० हजार ८५० रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीत, दाखल झालेल्यांपैकी सुमारे १४ टक्के रुग्ण ९० दिवसांत दगावल्याचे आढळले. शास्त्रसंमत औषधयोजना निम्म्याहून कमी रुग्णांना मिळत होती. औषध कोणाला लागू पडते आहे, हे रक्ताच्या तपासणीतून कळेल काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

हृदयाच्या भिंतींवर ताण आला की 'बीएनपी' हे संप्रेरक रक्तात वाढते. जपानी संशोधकांनी १९८८ मध्ये ते शोधले. धाप लागलेल्या १,५८६ रुग्णांवरील २००२ च्या अभ्यासाने, धाप हृदयामुळे आहे की फुप्फुसामुळे, हे ओळखण्यास ही तपासणी उपयुक्त असल्याचे दाखवले. उपचारानंतर पातळी लक्षणीय घटणे, हे सुधारणेचे लक्षण मानले जाते.

तथापि, आकड्यामागे धावून उपचार सुधारत नाहीत. ८९४ रुग्णांवरील 'गाइड-आयटी' चाचणीत 'एनटी-प्रोबीएनपी'चा आकडा गाठण्यासाठी औषधे वाढवूनही विशेष लाभ दिसला नाही, असे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. याउलट, २०२२ च्या 'स्ट्राँग-एचएफ' चाचणीत दाखल झालेल्या रुग्णांची औषधे त्वरेने पूर्ण मात्रेपर्यंत नेण्यात आली. वारंवार तपासणी आणि रक्तचाचणी यांची त्याला जोड होती. १८० दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १५.२ टक्क्यांवर आले. आकड्याचे काम पहारेकऱ्याचे. खरा लाभ झाला तो पूर्ण मात्रेचा आणि पाठपुराव्याचा.

आकडा वाचतानाही सावधगिरी हवी. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन हे औषध 'बीएनपी'चे विघटन रोखते, त्यामुळे ते घेणाऱ्याचा 'बीएनपी' औषध लागू पडूनही वाढलेला दिसू शकतो. अशा वेळी 'एनटी-प्रोबीएनपी' पाहणे श्रेयस्कर. मूत्रपिंडाचा विकार व वाढते वय यांमुळे आकडा वाढतो, तर स्थूलपणात कमी दिसतो. ज्या खुणेवरून उपचाराची थेट निवड होते, ती लोहाची. फेरिटिन व ट्रान्सफेरिन संपृक्तता कमी असल्यास शिरेतून लोह दिल्याने रुग्णाची श्रमक्षमता सुधारते. पोटॅशियम व क्रिएटिनिन या साध्या चाचण्यांवरून औषधाची मात्रा वाढवणे सुरक्षित आहे काय, ते समजते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. परंतु सेनगाव किंवा औंढ्याच्या शेतमजुराला पंधरवड्याने पुन्हा हिंगोलीला यायचे, तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हा खर्च उरतोच. साध्या रक्तचाचण्या तालुक्याच्या रुग्णालयात करून त्यांचा अहवाल महाविद्यालयातील तज्ज्ञांपर्यंत पोहोचला, तर ही फेरी वाचेल. महागड्या चाचणीचे यंत्र बसवण्याआधी ही साखळी जुळवणे अगत्याचे आहे. अन्यथा रक्ताने दिलेला इशारा कागदावरच राहील.