मशीन चाललं नाही, तर चूक पेशंटची?

मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी उठल्यावरही डोकं जड असणं, दिवसा पेंग येणं. अशी लक्षणं असली की हल्ली 'होम स्लीप टेस्ट' सांगितली जाते. छोटं मशीन घरी न्यायचं, छातीला पट्टा बांधायचा, नाकाशी नळी लावायची, बोटाला क्लिप अडकवायची आणि झोपायचं. श्वास किती वेळा थांबला, ऑक्सिजन किती घसरला, हे मशीन नोंदवतं. कल्पना उत्तम आहे. प्रत्येक पेशंटला एका रात्रीसाठी नागपूर गाठावं लागत नाही.

पण कधी सकाळी नळी गळ्यात असते, क्लिप गादीखाली आणि रिपोर्टवर शेरा असतो, 'नोंद अपुरी'. मग ठरलेलं वाक्य येतं, "पेशंटला नीट लावता आलं नाही." माझा आक्षेप या वाक्यालाच आहे.

जे मशीन माणसाने रात्री, घरी, आयुष्यात पहिल्यांदाच लावायचं आहे, ते तशाच माणसाच्या हातात देऊन आधी तपासायला नको का? हे फाजील लाड नाहीत. अमेरिकेच्या एफडीएच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की वापरणाऱ्यांच्या प्रत्येक गटातली किमान १५ माणसं घ्या, त्यांना उपकरण वापरू द्या आणि ती कुठे अडतात ते पाहा.

आता सांगा, दिवसभर कापूस वेचून आलेली बाई या गटांत कुठे बसते? तिच्या हातात इंग्रजी सूचनापत्रक, वर मच्छरदाणी, एका खोलीत पाच जण. ओलितासाठी रात्रीची लाइन आली की घरातला माणूस पट्टा काढून मोटर सुरू करायला जातो. परत येऊन त्याने तो बरोबर लावला का, हे त्याला कोण सांगणार?

आपल्या जिल्ह्याने अशा बेफिकिरीची किंमत मोजली आहे. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण दगावले, शेकडो आजारी पडले. कारणं अनेक होती, पण बोट आधी शेतकऱ्याकडेच गेलं: मास्क का नाही घातला, हातमोजे का नाही घातले? बारीक अक्षरातलं माहितीपत्रक त्याला वाचता येतं का, त्या उकाड्यात तो पोशाख सोसतो का, हे विचारणारे थोडेच होते.

झोपेचं मशीन विष नाही. पण स्लीप अॅप्निया निदानाविना राहिला तर बीपी आटोक्यात येत नाही, गाडी चालवताना डुलकी लागते.

"पेशंटला शिकवा," असं कुणी म्हणेल. जरूर शिकवा. पण दुपारी पाच मिनिटांत सांगितलेलं रात्री अकराला किती आठवेल? जे मशीन शिकवूनही लावता येत नाही, ते अर्धवट बनलेलं आहे.

तोवर तुम्ही एवढं करा. मशीन घेताना सगळं मराठीत समजावून मागा. देणाऱ्यासमोर स्वतःच्या हाताने एकदा लावा, काढा, पुन्हा लावा. बोटाला नेलपॉलिश असेल तर पुसा. रात्री अडलं तर फोन कुणाला करायचा, ते विचारा. नोंद अपुरी आली तर चाचणी पुन्हा मागा, आणि तिचे वेगळे पैसे का द्यायचे, हेही विचारा. रिपोर्ट नॉर्मल आला, पण त्रास तसाच आहे, तर गप्प बसू नका. स्लीप लॅबमधल्या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोला.

आणि "तुम्हाला जमलं नाही" असं कुणी म्हटलं, तर मान खाली घालू नका. विचारा, "हे आमच्यासारख्या किती जणांना लावून पाहिलं होतं?"