पंचाहत्तर फ्रेमचा कॅमेरा आणि पंचवीस फ्रेमचे वास्तव

जून 2025 मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियम शिथिल केले. 'जेम' या शासकीय संकेतस्थळाबाहेरूनही उपकरणे घेण्याची मुभा संशोधन संस्थांचे संचालक आणि कुलगुरू यांना मिळाली. बऱ्याच वर्षांची मागणी मान्य झाली, याचा आनंद आहेच. परंतु मोकळीक मिळाली की नेमके काय मागवावे, हे ठरवण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. औद्योगिक डिजिटल कॅमेऱ्याच्या बाबतीत ती आपण नीट पार पाडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी पाण्यातून वर चढणाऱ्या हवेच्या बुडबुड्यांचे चित्रण करण्यासाठी आम्ही असा एक कॅमेरा घेतला. 2448 × 2048 पिक्सेल, सेकंदाला 75 फ्रेम. मागणीपत्रात आम्ही 75 हाच आकडा ठळक केला होता. प्रत्यक्षात 25 च्या वर एकही फ्रेम मिळेना. कॅमेरा सदोष आहे, असे आम्ही विक्रेत्याला कळवूनही टाकले. दोष आमचा होता.

पहिली अडचण प्रकाशाची. खोलीतील दिव्यांच्या उजेडात चित्र पुरेसे उजळ यावे म्हणून आम्ही एक्स्पोजर 40 मिलिसेकंद ठेवले होते. एका सेकंदात असे 25 च कालखंड मावतात. मग कॅमेरा कितीही महागडा असो. शिवाय सेकंदाला 20 सेंटिमीटर वेगाने चढणारा बुडबुडा तेवढ्या वेळात 8 मिलिमीटर सरकतो आणि चित्रात नुसती पुसट रेघ उरते. एक्स्पोजर 1 मिलिसेकंदावर आणले की हे सरकणे 0.2 मिलिमीटर होते. मात्र तितक्याच उजळपणासाठी चाळीसपट प्रकाश लागतो. मागून प्रखर एलईडी दिवा लावला, तेव्हा कॅमेरा 'सुधारला'.

मग दुसरी अडचण उघड झाली. पिक्सेलमागे 1 बाइट धरला तर एक फ्रेम सुमारे 5 मेगाबाइटची होते. 75 फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे 375 मेगाबाइट. 5 गिगाबिटच्या यूएसबी जोडणीतून एवढी माहिती जेमतेम जाते. गिगाबिट इथरनेटची सैद्धांतिक मर्यादाच 125 मेगाबाइट असल्याने तोच सेन्सर तेथे 25 फ्रेमच्या आत अडकला असता. आमची जोडणी योग्य होती, पण साठवण जुन्या हार्ड डिस्कवर होत होती आणि फ्रेम गळत होत्या. मोटेने कितीही पाणी उपसले तरी पाटात मावेल तेवढेच शेतात पोहोचते. त्यातच 12 बिटचा पर्याय निवडला आणि प्रत्येक पिक्सेल 2 बाइटमध्ये साठवला, तर त्याच जोडणीवर वेग निम्म्यावर येतो.

तिसरी मर्यादा सेन्सरच्या आत असते. सीमॉस सेन्सर चित्र ओळीमागून ओळ वाचतो आणि प्रत्येक ओळीच्या अंकीय रूपांतराला ठरावीक वेळ लागतो. म्हणून ओळी निम्म्या केल्या की वाचनाचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. रुंदी कमी करून मात्र अनेक सेन्सरमध्ये फारसे काही साधत नाही. आमचा बुडबुडा उभ्या, अरुंद पट्टीतून चढत होता. आम्ही कॅमेराच 90 अंशांत फिरवला आणि एक चतुर्थांश ओळी ठेवल्या. वेग 75 च्या तिपटीहून अधिक झाला. खर्च शून्य.

म्हणूनच माझे म्हणणे असे, की मागणीपत्रात 'किमान इतक्या फ्रेम' एवढेच लिहून थांबू नये. वस्तू किती वेगाने हलते, किती पुसटपणा चालेल, प्रकाश किती आहे, सेकंदाला किती मेगाबाइट निर्माण होतील आणि ते कोठे साठवले जातील, ही उत्तरे आधी लिहावीत. हे गणित बारावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. पदवीच्या प्रयोगशाळेत ते शिकवलेच पाहिजे. आज अंदाजपत्रकाला कात्री लागते ती दिवा आणि डिस्क यांनाच, कारण ती 'किरकोळ' वाटतात. मग जनतेच्या पैशातून घेतलेला लाखांचा कॅमेरा अंधारात बसून राहतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या प्रयोगशाळेतील कॅमेरा प्रत्यक्षात किती फ्रेम देतो, हे उद्या मोजून पाहा. आकडा कमी भरला, तर कॅमेऱ्याला दोष देण्यापूर्वी दिवा लावून पाहा.