सांडपाण्याचा ताळेबंद

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे मराठवाड्याशी नाते असणारी आपली कुटुंबे विसरलेली नाहीत. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या मांजरा नदीवर लातूर अवलंबून आहे, तीच नदी पुढे बिदर जिल्ह्यातून तेलंगणात येते आणि सिंगूर धरणातून हैदराबादला पाणी देते. त्या दुष्काळात सिंगूरही आटले होते. आपल्याला झळ कमी बसली, कारण कृष्णा आणि गोदावरीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून पंपांनी उचलून शहरात आणले जाते.

घरात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर जाते, असे नियोजनात धरतात. म्हणजे एवढा वीजखर्च करून आणलेले पाणी आपण एकदाच वापरतो. अंबरपेट, नागोल वगैरे ठिकाणच्या शुद्धीकरण केंद्रांची क्षमता रोज सुमारे ७७ कोटी लिटर होती. शहराच्या गरजेच्या ती निम्मीही नव्हती, तरी लातूरच्या त्या पहिल्या गाडीच्या हिशेबाने दीड हजार गाड्या रोज! २०२१ मध्ये सरकारने आणखी सुमारे १२६ कोटी लिटर क्षमतेची ३१ केंद्रे मंजूर केली. त्यांचा खर्च ३,८६६ कोटी रुपये.

इथवर सर्व स्वागतार्ह आहे. पण बँकेत कर्जाचा प्रस्ताव तपासताना यंत्रसामग्रीआधी एक प्रश्न विचारला जातो : माल घेणार कोण, आणि किती वर्षे? शुद्धीकरण केंद्र बांधायला अनुदान मिळते. ते रोज चालवायला वीज, रसायने, माणसे लागतात आणि तो खर्च दर महिन्याला येतो. ग्राहक नसेल तर शुद्ध केलेले पाणी पुन्हा नाल्यातच जाते.

नागपूरने या प्रश्नाचे उत्तर शोधले. भांडेवाडीच्या केंद्रातील रोजचे १३ कोटी लिटर पाणी महानिर्मिती कंपनीच्या वीज केंद्रांसाठी घेण्याचा करार झाला. वीज केंद्राला थंडाव्यासाठी बाराही महिने पाणी लागते आणि ते पिण्याजोगे असण्याची गरज नसते. तेवढा धरणावरचा ताण कमी होतो आणि महापालिकेला उत्पन्न मिळते. चेन्नईतही कोयंबेडूच्या केंद्रातून उद्योगांना पाणी विकले जाते. केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणाने तर सांडपाणी केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांना हे पाणी वापरणे बंधनकारक केले.

हैदराबादमध्ये अडचण दराची आहे. जानेवारी २०२१ पासून घरगुती ग्राहकांना महिन्याला २० हजार लिटर पाणी मोफत मिळते. गरीब वस्त्यांना त्याचा आधार आहे, हे मान्य. पण चांगले पाणी फुकट असताना बागेसाठी वा फ्लशसाठी शुद्ध केलेले पाणी विकत कोण घेईल? मोठे उद्योग, बांधकामे, रस्तेसफाई आणि उद्याने यांना ते सक्तीने आणि वाजवी दराने दिले, तरच केंद्रांचा चालू खर्च निघेल.

दुसरी बाजू याहून नाजूक आहे. शहराने सोडलेले पाणी वाया जाते असे आपण म्हणतो, पण मुसीच्या खालच्या अंगाला पीरझादीगुडापासून पुढे शेतकरी कित्येक वर्षे त्यावरच भात आणि म्हशींसाठी पॅरा गवत पिकवतात. हा चारा शहराच्या गोठ्यांत येतो. उद्या सगळे पाणी उद्योगांना विकले, तर त्यांच्या शेताचे काय? आणि आजचे घाण पाणी तसेच दिले, तर त्यांच्या जमिनीचे आणि आरोग्याचे काय? त्यांचा वाटा आधी ठरवून, तो शुद्ध करून द्यायला हवा. उरलेलेच विक्रीला काढावे.

दर्जाचा प्रश्नही राहतोच. नेहमीच्या प्रक्रियेत विरघळलेले क्षार निघत नाहीत आणि तेच पाणी वर्षानुवर्षे दिल्यास जमीन खारावते. औषध कारखान्यांचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळले, तर काम आणखी कठीण होते. ते उगमापाशीच वेगळे ठेवणे स्वस्त पडते. नामिबियातील विंडहोक शहर १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्यासाठी वापरते. त्यासाठी त्यांनी उद्योगांचे सांडपाणी पहिल्यापासून वेगळे ठेवले.

म्हणून माझे मत असे : दुष्काळी प्रदेशात पुनर्वापर टिकू शकतो, पण कायमचा ग्राहक, खालच्या शेतकऱ्यांचा हक्क आणि पाण्याची नियमित तपासणी, या तिन्हींची तरतूद हवी. एकही नसेल तर खर्च बुडीत समजावा.

आपल्यापैकी अनेकजण मोठ्या सोसायट्यांत राहतात आणि तिथे स्वतःचे शुद्धीकरण यंत्र असते. पुढच्या वार्षिक सभेत तीन गोष्टी विचारा. यंत्र रोज किती तास चालते? पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली? आणि उन्हाळ्यात टँकरवर किती खर्च झाला? यंत्राचे वीजबिल आणि टँकरचे बिल शेजारी ठेवले की सोसायटीला निर्णय घेणे सोपे जाईल.