दुनळी तोफ आणि उकडलेल्या शेंगा

गेल्या शनिवारी माझा जुना रूममेट सहकुटुंब घरी आला होता. निमित्त गोड होतं. त्याच्या लेकीला जॉर्जिया विद्यापीठात पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला, म्हणजे मुक्काम पोस्ट अथेन्स. (ग्रीसमधलं नव्हे हो! अमेरिकेतलं, अटलांटापासून सत्तरेक मैलांवरचं.) याच गावात आम्ही दोघांनी १९९७ ते १९९९ ही दोन वर्षं एका खोलीत, एका कुकरवर आणि दीड गादीवर काढली. त्यामुळे पेढ्यांचा बॉक्स उघडायच्या आतच दोन काकांचं "तुला सांगतो..." सुरू झालं. बायको माझ्याकडे एक अर्थपूर्ण कटाक्ष टाकून चहा टाकायला निघून गेली. तिने हे सगळं किमान चाळीस वेळा ऐकलंय.

तर तुम्हीही ऐकाच.

आम्ही पोचलो ते सप्टेंबरात. तेव्हा तिथे सेमिस्टर नव्हतं, क्वार्टर होतं. १९९८ च्या फॉलपासून सेमिस्टर सुरू झालं आणि आमचे निम्मे क्रेडिट्स कसे मोजायचे यावरून जो गोंधळ झाला तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. अमेरिका म्हणजे बर्फ, या समजुतीने आईने दोन स्वेटर आणि एक कानटोपी दिली होती. विमानतळाबाहेर पडलो आणि घामाने निथळलो. हवा थेट चिपळूणची. मातीसुद्धा लाल! रात्री झाडांवर किड्यांची किरकिर अशी की फोनवर घरच्यांना वाटायचं लाइन खराब आहे. रस्त्याच्या कडेला कुडझू नावाची वेल झाडं, खांब, पडकी गोदामं असं सगळं गिळत सुटलेली. मातीची धूप थांबावी म्हणून १९३० च्या दशकात सरकारनेच ती लावायला प्रोत्साहन दिलं होतं. म्हणजे पॅच टाकला आणि पॅचच सगळ्या सिस्टिमभर पसरला.

खाण्याचं तर काय सांगू. पहिल्या आठवड्यात हायवेवर एका टपरीवजा दुकानावर 'बॉइल्ड पीनट्स' अशी हाताने लिहिलेली पाटी दिसली. सात समुद्र ओलांडून मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा! रूममेटच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं (तो आता नाही म्हणतो). ग्रिट्स म्हणून जो सकाळचा प्रकार मिळायचा तो म्हणजे मक्याच्या कण्या. आमची आजी ज्वारीच्या कण्या ताकात शिजवायची, हे लोक त्यात लोणी आणि चीज घालायचे, एवढाच फरक. भेंडी तळून. आणि आइस्ड टी इतका गोड की आपल्या अमृततुल्यवाल्याने कानाला हात लावावा.

माणसंही गोड बोलणारी. दार धरून उभी राहणारी, अनोळखी माणसाला "हाऊ यू डूइंग" विचारणारी. इंग्रजीत हरवलेलं अनेकवचनी 'तुम्ही' या लोकांनी 'यॉल' म्हणून परत कमावलंय, हे मला फार आवडायचं. "ब्लेस युअर हार्ट" हा आशीर्वाद नसून शालजोडीतला आहे, हे कळायला मात्र आम्हा पुणेकरांनाही सहा महिने लागले.

गाव लाखभर वस्तीचं आणि फुटबॉलचं स्टेडियम ८६ हजारांचं. यावरून काय ते समजा. मॅचच्या शनिवारी आम्ही किराणा शुक्रवारीच आणून ठेवायचो आणि तरीही लाल टीशर्टांच्या पुरात अडकायचो. एरवी मात्र गाव संगीतवाल्यांचं. आर.ई.एम. इथलीच, १९८० साली एका चर्चमध्ये पार्टीत पहिल्यांदा वाजवलेली. बी-फिफ्टीटूज त्याच्याही आधीची. आर.ई.एम.च्या १९९२ च्या अल्बमचं नाव, 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल', हे गावातल्या एका सोल फूडच्या खानावळीचं ब्रीदवाक्य होतं. मी तेव्हा किशोरकुमारच्या तीन कॅसेट्सवर जगत होतो, त्यामुळे या सगळ्याशी माझा संबंध इतकाच की ग्रिट नावाच्या शाकाहारी हॉटेलात महिन्यातून एकदा जायचो आणि शेजारच्या टेबलावर कोण बसलंय हे मला कधीच ओळखू यायचं नाही. ते हॉटेल २०२२ मध्ये बंद झालं. बातमी वाचून मी दिवसभर उगाच चिडचिडा होतो.

आणि तोफ! सिटी हॉलच्या हिरवळीवर एक दुनळी तोफ आहे. १८६२ ची, यादवी युद्धातली. कल्पना अशी की दोन नळ्यांतून दोन गोळे एकाच क्षणी सुटणार, मधे साखळी, आणि शत्रूची फळीच्या फळी कापली जाणार. चाचणीत दोन्ही नळ्या एकाच क्षणी उडाल्याच नाहीत. गोळे गरगरत भलतीकडे गेले, साखळी तुटली. थोडक्यात, सिंक्रोनायझेशनचा बग. आम्ही ऑपरेटिंग सिस्टिम्सचा पेपर दिल्यावर तिथे जाऊन फोटो काढला होता. तोच फोटो मी अल्बममधून काढून पोरीला दाखवला.

तिने फोटो हातात घेतला, हसली, मग डोळ्यांजवळ धरला.

"काका, मागे झेंडा कसला आहे?"

मी पाहिलं. गेली पंचवीसेक वर्षं हा फोटो माझ्याकडे आहे आणि मी त्यात फक्त माझी तेव्हाची कंबर बघत आलोय. मागे खांबावर जॉर्जिया राज्याचा झेंडा होता. १९५६ ते २००१ या काळात त्या झेंड्याच्या दोन तृतीयांश भागावर कॉन्फेडरेट सैन्याचं निशाण होतं. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचं. तेही युद्धानंतर लगेच आलेलं नाही. शाळांतला वंशभेद मोडायचा निकाल सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये दिला, त्यानंतर दोन वर्षांनी आलेलं. त्याखाली आम्ही दोघं, हाताची दोन बोटं वर करून.

रूममेट म्हणाला, "अरे, आपल्याला काय माहीत तेव्हा!" खरंय. माहीत नव्हतं. पण मला तेव्हा एक गोष्ट ऐकू आली होती, आणि ती मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यालाही सांगितली.

मी आठवड्याला वीस तास डायनिंग हॉलमध्ये काम करायचो. तासाला पाच-सव्वापाच डॉलर आणि एक जेवण फुकट. तिथे वाढपाला एक कृष्णवर्णीय बाई होत्या, पन्नाशी उलटलेल्या. दक्षिणेत मोठ्या बाईला 'मिस' लावून पुढे पहिलं नाव घेतात, आपल्या 'ताई'सारखं. तसं सगळे त्यांना हाक मारायचे. मी मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी मला दोन वर्षं न सांगता मॅकरोनीचा कोपऱ्यातला खरपूस तुकडा राखून ठेवला. घेवड्यात डुकराचं मांस असतं, ते घेऊ नकोस, हेही त्यांनीच सांगितलं. एकदा भांडी लावताना खिडकीतून बॅक्स्टर स्ट्रीटवरच्या उंच हॉस्टेलकडे पळी रोखून त्या म्हणाल्या, "माझ्या आईचं स्वयंपाकघर तिथं होतं, बेबी."

मला वाटलं, आई त्या हॉस्टेलात स्वयंपाकाला असेल. "ओह, नाइस," म्हणालो मी. आणि ट्रे लावत राहिलो.

२०२१ च्या फेब्रुवारीत, वर्क फ्रॉम होमच्या काळात, एक बातमी वाचनात आली. अथेन्स-क्लार्क काउंटीच्या कमिशनने लिननटाउनबद्दल एकमताने ठराव केला होता. लिननटाउन? दोन वर्षं राहिलो त्या गावात, नाव ऐकलं नव्हतं. तर विद्यापीठाला लागून साधारण २२ एकरांवर कृष्णवर्णीयांची वस्ती होती, पन्नासेक कुटुंबांची. नळजोडणारे, गवंडी, धुणंभांडी करणाऱ्या बाया. बऱ्याच जणांची घरं स्वतःच्या मालकीची. १९६० च्या दशकात शहर आणि विद्यापीठ यांनी मिळून, केंद्राच्या 'अर्बन रिन्यूअल'च्या पैशातून, ती 'झोपडपट्टी' ठरवून उठवली. हातावर थोडेफार पैसे ठेवले. जागेवर क्रेसवेल, ब्रम्बी आणि रसेल ही तीन हॉस्टेलं उभी राहिली. तिथे लहानपण गेलेल्या हॅटी व्हाइटहेड यांनी त्यावर पुस्तकही लिहिलंय.

मी नकाशा उघडला. बॅक्स्टर स्ट्रीट. मग लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

हिशोब करून बघा. ते विद्यापीठ १७८५ च्या सनदेचं (देशातलं पहिलं सरकारी विद्यापीठ आम्हीच, असं ते म्हणतात, नॉर्थ कॅरोलायनावाले भांडतात). पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी, शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स, तिथे शिरले ते १९६१ च्या जानेवारीत, कोर्टाच्या हुकमाने. दोनच दिवसांत मुलीच्या हॉस्टेलबाहेर दंगल झाली आणि 'सुरक्षेसाठी' काढलं कुणाला, तर त्या दोघांनाच. कोर्टाने परत आणवलं. माझ्या डायनिंग हॉलमधल्या बाई तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या असतील. म्हणजे ज्या वयात त्यांना त्या वर्गात बसता आलं असतं, त्या वयात घर गेलं. आणि छत्तीस वर्षांनी पुण्याहून आलेला एक मुलगा आय-ट्वेंटी दाखवून सरळ आत गेला, आणि त्यांनी त्याला मॅकरोनी वाढली.

रूममेटला हे सगळं सांगणं आवडलं नाही. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं. "आपण कुणाची घरं पाडली नाहीत. कर्ज काढून गेलो, राबलो, परतफेड केली. आयुष्यातली दोन छान वर्षं आहेत, ती कशाला नासवतोस? आणि पोरगी पहिल्यांदा घर सोडतेय, तिला हे आत्ताच कशाला?"

पहिल्या मुद्द्यावर मी त्याच्याशी भांडणार नाही. आम्हाला कुणी आरोपी करत नाहीये. शेंगा माझ्या, किरकिरणारे किडे माझे, दीड गादी माझी. ते कुणी नासवू शकत नाही आणि मी नासवूही देणार नाही. पण आमची गाडी तिथे थांबत नाही ना. दोन चहा झाले की आम्ही म्हणतो, "तेव्हा ते गाव किती साधं होतं, कसला तणाव नाही, भेदभाव नाही, आता सगळं बिघडलं." ही आठवण नव्हे. हे गावाबद्दलचं विधान आहे, आणि ते चूक आहे. इंजिनिअर मंडळींना कळेल अशा भाषेत सांगायचं तर "आमच्या मशीनवर चालत होतं" एवढंच आम्हाला म्हणता येतं. टिकीट क्लोज करता येत नाही.

आणि 'आता बिघडलं' तर अजिबातच नाही. झेंडा २००१ मध्ये उतरला. २०१५ मध्ये कॅम्पसवरच्या बाल्डविन हॉलचं बांधकाम करताना जमिनीखाली शंभराहून जास्त कबरी सापडल्या. तपासणीत बहुतेक जण आफ्रिकी वंशाचे निघाले, म्हणजे बहुधा गुलाम म्हणून जगलेले. त्यावरून वाद झाले, मोर्चे निघाले. रूममेट याला बिघडणं म्हणतो. मला वाटतं आमच्या वेळी ते सगळे तिथेच होते, आम्ही वरून चालत होतो.

लेकीला आत्ताच कशाला, याचं उत्तर मला देता येईना. तिनेच दिलं, एका प्रश्नाने. "काका, त्या बाईंचं पूर्ण नाव काय होतं?"

मला माहीत नाही. 'मिस' आणि पहिलं नाव, एवढंच. दोन वर्षं रोज त्यांच्या हातचं जेवलो आणि आडनाव विचारलं नाही.

(माझं हापिस हिंजवडीत आहे. तिथली गोष्ट वेगळी, तिथे मोबदले मिळाले, वंशाचा प्रश्न नव्हता. मी दोन्ही एकात कालवत नाही. पण कॅबवाला "इथं आमचं भाताचं खाचर होतं" म्हणाला तर हल्ली मी हेडफोन काढतो.)

असो. पोरीने वहीत लिननटाउन लिहून घेतलं, खाली उकडलेल्या शेंगा लिहिल्या. कॅम्पसच्या कमानीखालून पदवी मिळेपर्यंत जायचं नसतं, नाहीतर डिग्री मिळत नाही, ही अंधश्रद्धा तिला तिच्या बाबांनी फार गांभीर्याने सांगितली. मी तिला सांगितलं की डायनिंग हॉल अजून असला तर कुणालातरी विचारून बघ, त्या बाई आता ऐंशीच्या पुढे असतील. ती "बघते" म्हणाली.

निघताना दारात चपला घालता घालता तिने शेवटचा प्रश्न विचारला, "काका, कुकर न्यायचा का?"

न्यायचा, म्हटलं. आणि शिट्ट्या दोन ने. आमची एक स्मोक अलार्म वाजल्यावर जी पळापळ झाली तिच्यात हरवली, ती अजून सापडलेली नाही.