सुटीनंतरच छाती का आवळते?

दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या जिनिंगच्या वाटेला लागतात. सिंदी मेघेत, नाहीतर वर्ध्याच्या आसपास राहत असाल तर तुमच्या घरचं किंवा शेजारचं कुणीतरी हंगामात तिथे कामाला जात असेलच. संध्याकाळी परतलेल्या माणसाच्या भुवयांवर रुई दिसते. ती झटकता येते. प्रश्न न दिसणाऱ्या धुळीचा आहे.

श्वसनसंस्था तुम्ही चार मार्कांसाठी पाठ केलीय. नाक, श्वासनलिका, वायुकोश. आकृती काढली, नावं दिली, विसरलात! आता जिनिंगमधल्या माणसाची आकृती डोळ्यांसमोर आणा. नाकातले केस मोठे कण अडवतात. पुढे नळ्यांमध्ये चिकट स्राव असतो, त्यात अडकलेला कचरा बारीक रोमिका सतत घशाकडे ढकलत असतात. अगदी बारीक कण मात्र थेट वायुकोशांपर्यंत जातात. हे वायुकोश कोट्यवधी. उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे चांगला टू बीएचके भरेल!

बसल्या जागी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, दर श्वासाला अर्धा लिटर हवा. पण पाठीवर ओझं असलेला माणूस कितीतरी पट जास्त हवा ओढतो, तीही तोंडाने. म्हणजे नाकाची चाळणीच बाद. तोंडाला बांधलेला दुपट्टा रुई अडवतो, बारीक धूळ नाही.

या धुळीत नुसते तंतू नसतात. बोंडांचा, पानांचा चुरा आणि त्यावरच्या जिवाणूंचे अंशही असतात. त्यांनी श्वासनळ्या आवळतात. या आजाराचं नाव बिसिनोसिस, आणि त्याची खूण मोठी विचित्र. सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती जड होते, पुढच्या दिवसांत बरं वाटतं. म्हणून कुणी मनावर घेत नाही. काही वर्षांनी मात्र आठवडाभर दम लागतो, आणि गेलेला दम परत येत नाही. त्यात बिडी-सिगारेट असेल तर विचारूच नका.

कारखाना कायदा १९४८ चा, २०२५ पर्यंत लागू असलेला. त्यातल्या सूचित रोगांच्या यादीत बिसिनोसिस होता, आणि कारखान्यातल्या कामगारात तो आढळला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयाला कळवायचं असे. पण तपासणीच झाली नाही तर आढळणार कसा? हंगामी मजूर आज या जिनिंगमध्ये, पुढच्या वर्षी त्या. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं आपल्या उंबऱ्याशी असताना प्रत्येक जिनिंगमध्ये हंगामाच्या सुरुवातीला फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, व्हायलाच हवी. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. खर्च मालकाचा.

तोवर घरी विचारा, छाती नेमकी कोणत्या दिवशी आवळते? आणि दवाखान्यात नेलंत तर काम जिनिंगचं आहे, हे आधी सांगा. नुसतं ‘खोकला आहे’ म्हणालात, तर सिरपची बाटली घेऊन परत याल.