तासाभराचं ऐकणं तीस सेकंदांत मोजू देऊ नका

लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकता, त्याला काय ऐकणं म्हणायचं? गाणं ऐकावं ते बैठकीत, समोर बसून. असं आपल्याला कुणी ना कुणी सुनावलेलं असतंच. सुनावणाऱ्यांना आधी एवढंच विचारायचं, की बैठकीला जायचं कधी? कल्याणहून फास्ट पकडली तरी सीएसएमटीला तासभर लागतो. जाऊन-येऊन दोन तास, आठवड्याचे दहा-बारा. घरी एवढा सलग वेळ कुणाला मिळतो? ज्या पिढीकडे रेडिओसमोर बसायला निवांत संध्याकाळ होती, तिने आमच्या चौथ्या सीटवरच्या ऐकण्याला नाक मुरडू नये. आज गाण्यासाठी उरलेला सगळ्यात मोठा वेळ लोकलच्या डब्यातच आहे.

भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीशी. हा वेळ आपण कुणाच्या हाती देतो?

‘तांत्रिक मर्यादा पूर्वीही होत्याच’ असं ॲपवाल्यांच्या वतीने नेहमी सांगितलं जातं. होत्या. 1902 साली कोलकात्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर फुलवायचा राग गवयांनी त्या तीन मिनिटांत बसवला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तशा छोट्या तबकड्या आजही लोक जिवापाड जपतात. पण ती मर्यादा यंत्राची होती. यंत्र सुधारलं, 1948 मध्ये एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. तिथे गाणं पुन्हा ऐसपैस बसलं.

आज यंत्राला कसलीच अडचण नाही. फोनमध्ये तीन तासांची मैफलही मावते. तरी गाणं आखडतंय, कारण आता मर्यादा हिशेबाची आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं मोजलं जातं. एकतिसाव्या सेकंदाला स्किप केलं काय आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं काय, खात्यात नोंद एकच. मग गाणं करणाऱ्याने सुरुवातीला वाद्यांची लांब सुरावट का ठेवावी? आलापाने हळूहळू दार का उघडावं? पहिल्या तीस सेकंदांत ऐकणाऱ्याला धरून ठेवायचं, नाहीतर तो गेला. आपल्या अंगठ्याच्या सवयीवर गाण्याचा आकार ठरतोय.

दुसरा नियम अजून कडू आहे. 2024 पासून त्याच ॲपवर मागच्या बारा महिन्यांत किमान 1,000 वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या मानधनातला वाटाच मिळत नाही. कंपनीचं म्हणणं असं, की या गाण्यांचे पैसे इतके किरकोळ असतात की कलाकाराच्या हातात पोहोचतच नाहीत, आणि बनावट गाण्यांनाही आळा बसतो. असेलही. पण एखाद्या तालुक्याच्या गावात स्वतःच्या खर्चाने अभंग किंवा शाहिरी रेकॉर्ड करणाऱ्याचं गाणं वर्षात नऊशे वेळा ऐकलं गेलं, तर त्याचा वाटा शून्य. आणि ऑटोप्ले आपल्याला बहुतेकदा त्याच्यापाशी नेत नाही. आपण जे ऐकलंय त्याच्यासारखंच पुढे करतो. म्हणजे आपण आळस केला की त्याचे पैसेही बुडतात.

‘दमलेलो असतो हो, डोकं बंद करायचं असतं.’ बरोबर आहे. दादर ओलांडेपर्यंत श्वास घ्यायला जागा नसते, तिथे विलंबित ख्याल लावा असं कोण म्हणेल? शिवाय रुळांच्या खडखडाटात तानपुरा ऐकूच येत नाही, मग आवाज वाढवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास ही आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. तेव्हा कान नीट झाकणारे इअरफोन घ्या, आवाज बेताचा ठेवा, आणि रूळ किंवा रस्ता ओलांडताना ते काढाच. दमलेल्या वेळी हलकं गाणं ऐका. पण ते स्वतः निवडा. ‘चिल’ नावाच्या पाटीखाली जे येईल ते कानात ओतून घेणं म्हणजे विश्रांती नव्हे.

लोकलमधली भजनी मंडळी आठवा. त्यांचा गोंगाट नको असलेल्यांनाही सोसावा लागतो, ही तक्रार खरीच. पण त्यांचं एक घेण्यासारखं आहे. त्यांच्या गाण्याला क्रम असतो. आधी नमन, मग अभंग, शेवटी भैरवी. मधलं कंटाळवाणं कडवं ते गाळत नाहीत. पुढे काय गायचं हे त्यांचं तेच ठरवतात.

आपणही ठरवू शकतो. रात्री घरच्या वायफायवर एक अख्खा अल्बम किंवा एक सलग मैफल डाउनलोड करायची. ऑटोप्ले बंद. सकाळच्या प्रवासात तेवढंच, स्किप न करता. एलपीच्या दोन्ही बाजू कल्याण ते सीएसएमटीत आरामात बसतात. आठवड्यातून एक दिवस असा कलाकार, ज्याचं नाव ॲपने नाही, मित्राने सुचवलं. आवडला तर त्याचं गाणं विकत घ्या, कार्यक्रमाचं तिकीट काढा.

पासाचे पैसे आपण भरतो, डेटाचे आपण भरतो, धक्केही आपणच खातो. त्या तासात काय वाजणार, एवढं तरी आपण ठरवायला हवं.