तगादा आणि विनंती

चाकणच्या एका कारखान्यांत नुकताच लागलेला आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा गेल्या महिन्यांत आमच्याकडे आला, तो खिन्न मुद्रेनें. बहिणीच्या लग्नासाठीं त्यानें वरिष्ठांस इंग्रजींत पत्र लिहून चार दिवसांची रजा मागितली होती. रजा मिळाली नाहींच. उलट उद्धटपणाचा ठपका मात्र आला. 'मागणें' या अर्थीं त्यानें 'डिमांड' हा शब्द योजिला होता. 'आस्क', 'रिक्वेस्ट' आणि 'डिमांड' हे तिन्ही शब्द समानार्थी म्हणून त्यानें एका ओळींत पाठ केले होते!

ही चूक त्याला उमगली ती लखनौकडील एका सोबत्यामुळें. त्या गृहस्थाच्या वहींत इंग्रजी शब्दांपुढें उर्दू अर्थ लिहिलेले होते. 'रिक्वेस्ट' म्हणजे गुजारिश. 'डिमांड' म्हणजे तकाजा. हा तकाजा म्हणजेच आपला तगादा! आपण विनंती न करतां वरिष्ठांमागें तगादा लावला, हें मुलाला तत्काळ कळलें.

यांत नवल नाहीं. अर्ज, करार, जामीन, मुदत, हरकत हे शब्द फारसीच्या वाटेनेंच मराठींत आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें 'राज्यव्यवहारकोश' रचला गेला आणि अशा शब्दांस संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरी त्यांतील पुष्कळ शब्द आपल्या घरचेच होऊन राहिले. माधवराव पटवर्धनांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ सालीं निघाला. तो चाळला म्हणजे हें नातें किती दाट आहे तें दिसतें. तेव्हां इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलास उर्दू अर्थ पुष्कळदां उपयोगी पडतो.

मात्र सावधगिरी हवी. सून सासरीं रुळते, तसा शब्दही नव्या घरीं नवें वळण घेतो. मराठींत 'राजीनामा' म्हणजे नोकरी सोडल्याचें पत्र. उर्दूंत त्यास 'इस्तीफा' म्हणतात, आणि 'राजीनामा' म्हणजे उभयपक्षीं झालेली तडजोड. आपला 'खुलासा' म्हणजे स्पष्टीकरण. उर्दूंत तो सारांश. खुद्द 'डिमांड' फ्रेंचांतून इंग्रजींत आला. फ्रेंचांत त्याचें मूळ क्रियापद साधें मागणें-विचारणें दाखवितें. इंग्रजींत त्याला हक्काचा ताठा चढला.

म्हणून आमची वडीलधाऱ्या मंडळींस सूचना अशी कीं, मुलांकडून समानार्थी शब्दांच्या नुसत्या माळा पाठ करून घेऊं नयेत. वहींत शब्द, त्याचा अर्थ आणि एक पूर्ण वाक्य लिहवावें; तें वाक्य कोण, कोणास व कोणत्या प्रसंगीं बोलतो, तेंही विचारावें. घरांत आजोबांशीं आणि धाकट्या भावाशीं आपण एकाच शब्दांत बोलत नाहीं, हें आपल्या मुलांस न शिकवितां ठाऊक असतें. परभाषेंतही तोच विवेक लागतो.

त्या मुलानें दुसरें पत्र लिहिलें, त्यांत 'रिक्वेस्ट' होता. रजा दोनच दिवसांची मिळाली. पण बहिणीच्या लग्नांत अंतरपाट धरावयास तो वेळेवर पोहोंचला.